डिपर दिला होता

विमलबाईंचं पत्र आलं तेव्हा महाशिवरात्र होऊन आठवडा झाला होता, आणि आता संक्रांत तोंडावर आली तरी मन्मथअप्पांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. निळं आंतरदेशीय पत्र होतं. अप्पांनी ते टेबलाच्या खणात शब्दकोशाखाली ठेवलं होतं. शब्दकोश रोज लागायचा, त्यामुळे पत्रही रोज दिसायचं. दिसलं की अप्पा शब्द न पाहताच खण लोटून द्यायचे. गेल्या दहा महिन्यांत कितीतरी शब्दांचे अर्थ असे बघायचे राहून गेले होते.

पत्र उघडायची गरज नव्हती. ते पाठ झालं होतं.

‘अप्पांना नमस्कार. मी कै. भारत यांची पत्नी. दहावीपर्यंत शिकले आहे, लिहिण्यात चुकलं तर समजून घ्यावं. ह्यांच्या डोक्याखाली तुम्ही पुस्तकांची पिशवी ठेवली होती, पुस्तकावरच्या शिक्क्यावरून तुमचा पत्ता मिळाला. पोलिसांनी ह्यांच्यावरच गुन्हा लिहिला आहे. ह्यांनी हयगयीने व निष्काळजीपणे मोटारसायकल चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाले, असं कागदात आहे. त्याच कागदात तुमचंही नाव आहे. तुम्हाला नीट दिसलं नाही, असं तुम्ही सांगितल्याचं लिहिलंय. मला एवढंच विचारायचं आहे. तुम्हाला खरंच दिसलं नाही का? हो किंवा नाही, एवढं कळवा. तुम्ही ह्यांच्या अंगावर उपरणं घातलं, ते धुऊन ठेवलं आहे.’

अप्पांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. सात-आठ वेळा घेतलं. ‘सौ. विमलबाई’ असं हात आपोआप लिहून गेला आणि त्यांनी ते घाईघाईनं खोडलं. दुसऱ्या कागदावर ‘श्रीमती’ लिहिलं, तर वाटलं, पाकीट फोडताच बाईला हाच शब्द आधी टोचणार. तिसऱ्या वेळी मायना जमला आणि पुढे काय लिहायचं तेच सुचेना. हो लिहावं तर मनातलाच कुणीतरी विचारायचा, धडक बसली त्या क्षणी तुझे डोळे कुठे होते? नाही लिहावं तर हात चालायचा नाही. छत्तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. कुणी साधी एखादी तारीख विचारली तरी पुस्तक काढून खात्री केल्याशिवाय सांगायचा नाही. आता खात्री करायला पुस्तक नव्हतं.

त्या रस्त्याची एक रीत आहे. धारूरचा घाट उतरला की दोन गाड्या जेमतेम शेजारून जातील एवढा रस्ता लागतो. समोरची मोठी गाडी दुसऱ्या गाडीला मागं टाकायला बाहेर निघाली आणि आपल्या अंगावर आली, की छोट्या गाडीनं डांबर सोडून खाली साइडपट्टीवर उतरायचं. येणारी गाडी लांबूनच दिव्यांची उघडझाप करते. त्याला डिपर देणं म्हणतात. डिपर दिला की देणारा मोकळा झाला, पुढचं सगळं समोरच्यानं बघायचं. सायकलवाला मोटारसायकलीला उतरतो, मोटारसायकल जीपला उतरते, जीप ट्रकला उतरते, आणि परळीहून राख भरून येणारे टिप्पर कुणालाच उतरत नाहीत. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण शाळेतल्या पोराला विचारली तरी तो न चुकता सांगेल.

उतरणं तसं सोपं राहिलं नव्हतं. दर दोन-तीन वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर चढायचा आणि साइडपट्टी होती तिथेच राहायची. कड आता वीतभर उंच झाली होती. चाक जरा तिरकं उतरलं की गाडी लवंडलीच. म्हणून अप्पा फार आधी उतरायचे. आधी सायकल होती, मग मोपेड, आता सुनेची जुनी स्कूटी. समोर लांबवर काही पांढरं चमकलं की यांचं चाक मातीत. ‘परळीत गाडी चालू झाली की आप्पा धारूरला खाली उतरत्यात,’ असं लोक म्हणायचे, आणि अप्पाही त्या हसण्यात सामील व्हायचे.

तेरा महिन्यांपूर्वी, डिसेंबरातल्या त्या गुरुवारीही ते असेच उतरले होते. घाटाखाली आंबेवाडीला त्यांनी निवृत्तीनंतर एका खोलीत वाचनालय काढलं होतं, गुरुवारी आणि रविवारी ते उघडायला जायचे. सकाळचे दहा वाजले असतील. पुढे पन्नास-साठ पावलांवर एक मोटारसायकल चालली होती. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्या मागून एक पांढरी मोठी गाडी डिपर देत बाहेर निघाली. अप्पा उतरले. उतरताना डोळे चाकापाशी आणि कडेपाशी. तेवढ्यात आवाज झाला. मान वर करून पाहिलं तोवर पांढरी गाडी शेजारून निघून गेली होती. मागच्या काचेवर हातभर मोठ्या अक्षरांत ‘बंकटशेठ’ लिहिलेलं. तालुक्यातल्या रस्त्यांची निम्मी कामं घेणारा ठेकेदार, त्याची गाडी न ओळखणारा माणूस त्या भागात नव्हता.

मोटारसायकल आडवी पडली होती. तो माणूस, भारत त्याचं नाव हे नंतर कळलं, लिंबागणेशकडचा, कारखान्यावर कामाला होता. अप्पांनी त्याच्या डोक्याखाली पिशवी सरकवली. त्यानं पाणी मागितलं नाही, काही बोलला नाही. थोड्या वेळानं अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या अंगावर घातलं आणि अर्धा-पाऊण तास तिथेच डांबरावर बसून राहिले.

मग हवालदार आला. वही काढून त्यानं विचारलं की, अप्पा, धडक बसताना तुम्ही पाहिली का? अप्पांनी विचार केला. खरं बोलायचं म्हणून फार विचार केला. म्हणाले, “बसताना म्हणाल तर मी खाली उतरत होतो. नीट पाहिली असं छातीठोक सांगता यायचं नाही.” हवालदारानं ‘नीट दिसले नाही’ एवढंच लिहिलं. अप्पांनी सही केली. ट्रॅक्टर बंकटशेठच्याच ऊसतोड टोळीवरचा होता. त्याच्या ड्रायव्हरनं सांगितलं, मोटारसायकलवाला आपला आपण साइडपट्टीवरून घसरला. दोन्ही जबाब शेजारीशेजारी ठेवले आणि मेलेला माणूस आरोपी झाला.

या जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी अप्पा घाटाखालच्या उत्तरेश्वरच्या हॉटेलात चहाला थांबले. हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि दोन बाकडी. उत्तरेश्वरची बहीण लिंबागणेशला दिलेली, त्यामुळे तिकडची खबर त्याच्याकडे असायची. चहा गाळता गाळता त्यानं सांगितलं की, भारतच्या बायकोनं कोर्टात अर्ज केलाय, पुन्हा तपास करा म्हणून. वीस तारखेला शेवटची तारीख आहे. त्या दिवशी साक्षीदार उभा राहिला नाही, तर आरोपीच मयत म्हणून फाइल बंद होणार.

अप्पांचा चहा हातातच राहिला. आज आठ तारीख होती.

“मग कुणी उभं राहणार आहे का?” त्यांनी विचारलं.

“कोन ऱ्हातंय? बंकटशेठच्या इरुद्ध?” उत्तरेश्वर म्हणाला. “आन् खरं सांगू का आप्पा, चूक त्या मान्साचीच की. डिपर दिसत व्हता न्हवं? उतरायचं खाली. तुमी न्हाई का उतरलात? म्हून तर हितं बसून च्या पिताव.”

बाकड्यावरच्या दोघातिघांनी माना हलवल्या. कुणाचा तरी चुलता उतरला म्हणून वाचला होता, कुणाचा मेहुणा उतरला नाही म्हणून पाय गमावून बसला होता. प्रत्येकाकडे एकेक गोष्ट होती आणि सगळ्या गोष्टींत चूक न उतरणाऱ्याची होती.

“तो त्याच्या बाजूनं चालला होता,” अप्पा हळूच म्हणाले.

“बाजूनं चालला व्हता, बराबर हाय. पर उतरायला काय झालं व्हतं?”

अप्पांनी कप बाकड्यावर ठेवला. लोकांसमोर त्यांना कधीच काही सुचायचं नाही, घरी गेल्यावर सुचायचं. पण स्कूटीवर बसताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि कानशिलं तापली. गेले दहा महिने पत्राचं उत्तर अडलं होतं, ते डोळे कुठे होते या शंकेनं अडलं होतं असं ते स्वतःला सांगत आले होते. ते काही सगळं खरं नव्हतं. मनाच्या तळाशी त्यांनाही हेच वाटत होतं की, त्यानं उतरायला हवं होतं. आपण उतरलो, तो उतरला नाही. आपण शहाणे, तो वेडा. हवालदाराच्या वहीवर सही करताना हेच मनात असेल तर?

या विचारात दोन-अडीच किलोमीटर गेले. ऊस तोडणीचे दिवस, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागलेली. समोरून एकामागे एक दोन ट्रॅक्टर येत होते, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर आलेला, आणि पुढच्यावर कसलंसं गाणं एवढ्या मोठ्यानं लावलेलं की ट्रॅक्टरच्या आधी गाणंच येऊन पोचलं. त्यांच्या मागून एक पांढरी गाडी बाहेर निघाली. डिपर दिला. पुन्हा दिला.

अप्पांचा हात सवयीनं डावीकडे वळला. चाक कडेपाशी आलं. खाली वीतभर खड्डा, त्यात खडी, काचा आणि उसाची चिपाडं. आणि अप्पांनी ब्रेक दाबला.

स्कूटी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला, पण डांबरावर, थांबली. अप्पांनी दोन्ही पाय टेकले. पळायचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही, चांगला दोनदा आला. पांढरी गाडी मोठी होत आली. डिपर, हॉर्न, पुन्हा डिपर. मग टायर किंचाळले. गाडीचं तोंड थोडं वाकडं झालं आणि ती अप्पांपासून दोन हातांवर येऊन उभी राहिली. रबर जळाल्याचा वास सुटला.

पुढचा ट्रॅक्टरवाला मजा बघायला थांबला, म्हणून मागचाही थांबला. पांढऱ्या गाडीच्या पाठोपाठ आणखी दोन गाड्या त्याच बाजूनं घुसल्या होत्या, त्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. अप्पांच्या मागे माणसांनी भरलेली एक काळीपिवळी जीप येऊन ठेपली. अर्ध्या मिनिटात रस्ता गच्च झाला.

गाडीतून जो उतरला तो शिव्या द्यायच्या तयारीनंच उतरला. पण दोन पावलं पुढे आल्यावर त्याचा चेहराच पडला. तो सत्यम होता. सातवीत असताना मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येऊन बसणारा, पुस्तकाची पानं मुडपू नको म्हटलं की कान धरणारा सत्यम. आता कुठल्याशा कंपनीत मोठ्या पगारावर होता. त्यानं भर रस्त्यात वाकून अप्पांच्या पायाला हात लावला.

“आप्पा, तुमी? लागलं न्हाई ना कुठं?” त्याचाच श्वास वर-खाली होत होता. “अहो आप्पा, मी डिपर दिला होता की.”

“दिसला मला,” अप्पा म्हणाले.

“मग? उतरायचं ना खाली. एवढ्या लांबून दिला होता. आज काय झालं असतं, कल्पना करा.”

“कुणामुळं झालं असतं?”

सत्यम हसला. अडचणीत सापडलेली चांगली माणसं हसतात तसं. त्यानं समजावणीच्या सुरात सांगितलं की, अप्पांची गाडी लहान, उतरायला कितीसा वेळ लागतो, त्याची गाडी उतरवली तर खालून घासते. आता मागेही जाता येत नाही, बघा किती गाड्या खोळंबल्यात. अप्पांनी दोन मिनिटं खाली घेतलं तर सगळेच सुटतील.

“तुला उतर म्हणत नाही मी,” अप्पा म्हणाले. आवाज फाटला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. “तू मागं जा. ट्रॅक्टरच्या मागं होतास, तिथं जा.”

“आप्पा, कावून असं करायलाव?”

“ही माझी बाजू आहे म्हणून.”

मागच्या जीपमधून एकानं मान बाहेर काढली. “ओ म्हातारबा, हितंच बिऱ्हाड करता का आता? आमाला तेलगाव गाठायचंय.” ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बारीक केलं आणि वरून सल्ला दिला की, सायब, त्यांला उचलून बाजूला ठिवा, स्कूटीसकट उचलत्यात चौघं. सगळे हसले. कुणीतरी फोन काढून शूटिंग सुरू केलं. अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात चार माणसांनी त्यांच्याकडे एका वेळी पाहिलेलं त्यांना खपायचं नाही, आणि इथे चाळीस जण बघत होते. उतरावं. एक पाय उचलला की संपलं. सत्यमही हात जोडत होता. चांगला पोरगा होता, हीच मोठी पंचाईत होती. हा बंकटशेठ असता तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात जीपमधूनच एका म्हातारीचा आवाज आला. मांडीवर मेथीची पाटी घेतलेली छबुबाई. ती आंबेवाडीचीच, अप्पांना ओळखणारी, पण आजवर ‘राम राम’पुढे कधी बोलली नव्हती.

“ती त्यांची बाजू हाय न्हवं? मग त्यांनी कावून उतरायचं?” ती तेलगाववाल्याला म्हणाली. “तुला लई घाई हाय तर तू उतर की. चालत जा. तुला कोन अडीवलंय?”

आता हशा दुसऱ्या बाजूनं पिकला. तेलगाववाल्यानं मान आत घेतली.

अप्पा सत्यमकडे बघत नव्हते. ते त्याच्या गाडीच्या मागे डांबराकडे बघत होते. तिथे दोन काळेभोर पट्टे उमटले होते, चांगले पंधरा-वीस पावलं लांब, शेवटी थोडे वाकलेले. ब्रेक कुठे लागला, कुठे चाकं घासटली, सगळं त्यात वाचता येत होतं. आणि वाचता वाचता त्यांना ती दुसरी सकाळ दिसू लागली. अर्धा-पाऊण तास ते त्या डांबरावर बसले होते. भारतच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून रस्त्याकडेच बघत होते. रस्ता कोरा होता. दोन्ही अंगांना, जिथवर नजर जात होती तिथवर, असा एकही पट्टा नव्हता. मोटारसायकल डांबरावर पडली होती, साइडपट्टीपासून दोन हात आत. साइडपट्टीच्या धुळीत चाकाची एकच खूण होती, ती त्यांच्या स्वतःच्या स्कूटीची. घसरला म्हणाले तो माणूस खाली उतरलाच नव्हता, तर साइडपट्टीवरून घसरेल कुठून?

हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. नीट पाहिलं होतं. हवालदारानं फक्त धडक विचारली होती, म्हणून त्यांनी फक्त धडकेचा विचार केला होता.

“सत्यम,” ते म्हणाले, “तू ब्रेक दाबलास.”

“दाबनारच की आप्पा. तुमी समोर.”

“आणि गाडी थांबली.”

सत्यमनं पट्ट्यांकडे पाहिलं, अप्पांच्या टेकलेल्या पायांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग तो मागे वळला आणि मागच्या गाडीवाल्यांना हातवारे करू लागला. शेवटचा गाडीवाला भांडला, त्याच्या बापाचा रस्ता असल्यासारखा भांडला, पण मधलाही सत्यमच्या बाजूनं झाला, मग त्याला गाडी मागे घ्यावीच लागली. तीन गाड्या पाठी पाठी सरकत, वळवळत, ट्रॅक्टरांच्या मागे जाऊन लागायला दहा-बारा मिनिटं गेली. तेवढा वेळ अप्पा दोन्ही पाय टेकून तसेच उभे. शेवटी पुढचा ट्रॅक्टर हलला. सत्यम शेजारून जाताना काच खाली करून काहीतरी म्हणाला, गाण्यात ते ऐकू आलं नाही.

आंबेवाडीला पोचल्यावर अप्पांनी वाचनालय उघडलं, दोन ग्लास पाणी संपवलं आणि वहीतले पाच कागद फाडले. पेपर वाचायला आलेल्यांना सांगितलं की, आज पुस्तकं आपली आपण नोंदवा. मायन्याशी ते अडले नाहीत. ‘विमलबाईंस नमस्कार’ लिहिलं आणि पुढे गेले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या आधी शूटिंग पोचलं होतं. मुलगा केदारनाथ दुकान लवकर बंद करून बसला होता. त्याचं लोखंड-सिमेंटचं दुकान, आणि निम्मं गिऱ्हाईक बंकटशेठच्या कामांवरचं. त्याला रस्त्यावरच्या तमाशाची तेवढी चिंता नव्हती. गावात लोक हसतायत, हसू द्या, म्हणाला. पण टेबलावर पाच कागद बघून त्यानं पहिलाच उचलला, आणि भारतचं नाव वाचून तो उभाच राहिला.

त्यानं बराच वेळ समजावलं. ओरडला नाही, तो ओरडणारा नव्हता. मेलेला माणूस परत येणार नाही. अप्पांचं वय एकाहत्तर, चष्म्याचा नंबर वाढलेला, समोरचा वकील पहिल्या प्रश्नातच उभं-आडवं सोलून काढेल. तुमी सोताच लिहून दिलंय नीट दिसलं नाही म्हणून, आता वर्षानं दिसायला लागलं का, असं विचारील. मग काय सांगणार?

हा प्रश्न अप्पांना नवा नव्हता. दहा महिने ते स्वतःला हाच विचारत होते.

“सांगेन की, धडक बसताना मी पाहिली नाही,” ते म्हणाले. “आजही तेच लिहिलंय, पहिल्याच ओळीत. आणि पुढं बाकीचं लिहिलंय, जे पाहिलं ते. त्याला खोटं म्हणायचं असेल तर म्हणू दे. मी तिथंच उभा असेन.”

“आन् दुकानाचं काय आप्पा?”

अप्पांना वाईट वाटलं. पोराचा दोष नव्हता. त्यालाही कुणीतरी डिपर दिला होता आणि तो गाडी खाली घ्यायला निघाला होता. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की, तुला त्रास होणार, मला ठाऊक आहे. शेठनं विचारलं तर खुशाल सांग, बाप ऐकत नाही. ते खरंच आहे. केदारनाथनं कागद जिथून उचलला तिथे परत ठेवला. रात्री तो नीट जेवला नाही, अप्पा मात्र दोन भाकरी जास्त जेवले आणि त्याची त्यांना लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. नेहमीसारखं खोडायला काही सापडतं का ते पाहिलं. एका जागी ‘मला वाटते की’ असं लिहिलं होतं. ते तेवढं त्यांनी खोडलं. पत्राचा शेवट असा होता:

‘तुम्ही हो किंवा नाही विचारलं होतं. धडक दिसली का, याचं उत्तर नाही. तुमचे पती स्वतःच्या बाजूनं, सावकाश, डाव्या कडेनं चालले होते का, याचं उत्तर हो. समोरच्या गाडीनं ब्रेक दाबल्याची एकही खूण रस्त्यावर नव्हती. ती गाडी कुणाची होती ते मी वर लिहिलं आहे. ते खाली उतरले नाहीत ही त्यांची चूक, असं सगळे म्हणतात. मीही मनात म्हणत होतो, त्याबद्दल मला माफ करा. उतरायचं कारणच नव्हतं. मी पहिल्या दिवशी एवढं न सांगता सही केली, त्यामुळे त्यांचं नाव वर्षभर त्या कागदावर राहिलं, हा माझा दोष आहे. तो मी कोर्टातही सांगणार आहे. हे पत्र तुमच्या वकिलांना द्यावं. वीस तारखेला मी दहा वाजता हजर असेन.’

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीवरच्या बाईनं पाकीट वजनावर टाकलं, पत्ता वाचला, वर पाहिलं आणि विचारलं, “स्कूटीवाले आप्पा तुमीच ना? माझ्या भावानं पाठवलं शूटिंग.” अप्पा लाजेनं लालेलाल झाले आणि हो म्हणाले. तिनं विचारलं, साध्या पोस्टानं टाकू की स्पीड पोस्टानं?

“स्पीड पोस्टानं,” अप्पा म्हणाले. “आणि आजच जाईल असं बघा. आधीच फार उशीर झालाय.”

तिनं पाकिटावर चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं. पिशवीचं तोंड बांधलं जाईपर्यंत अप्पा खिडकीपाशी उभे होते. मागच्या माणसानं सरका म्हटलं, तरी ते सरकले नाहीत.